चुलीचा धूर आणि घरातील हवा
(परिसर अभ्यास व आरोग्यशिक्षण : इयत्ता ४ थी व ५ वी यांच्या शिक्षकांसाठी)

सकाळी हजेरी घेताना शिक्षकाला कित्येकदा असा अनुभव येतो की, पुढच्या रांगेतील मुलाच्या सदऱ्याला धुराचा वास येत असतो, किंवा एखाद्या मुलीचे डोळे लाल झालेले असतात. विचारले तर उत्तर मिळते, "आई भाकरी करत होती, मी चुलीपाशी बसून गणितं सोडवली." या उत्तरात तक्रार नसते आणि नवलही नसते. धूर हा घराचाच एक भाग होय, अशी मुलांची समजूत झालेली असते. कारण जन्मल्यापासून त्यांनी तो पाहिलेला असतो.

खेड्यातील हवा शुद्ध व शहरातील हवा अशुद्ध, हे वाक्य विद्यार्थी निबंधात लिहितात व शिक्षक त्यावर बरोबरची खूण करतात. मोकळ्या शिवारातील हवेपुरते ते पुष्कळ अंशी खरे असेल. पण चुलीच्या खोलीपुरते ते खरे नाही. गर्दीच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासात जितका धूर जातो, त्याहून कितीतरी अधिक धूर बंद स्वयंपाकघरात फुंकणी हातात घेऊन बसलेल्या स्त्रीच्या श्वासात जाऊ शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील सुमारे ४३ टक्के कुटुंबेच स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. म्हणजे निम्म्याहून अधिक ग्रामीण घरांत चूल पेटतच होती. हा विषय शाळेच्या कक्षेबाहेरचा नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

पाठाचा हेतू

या पाठातून विद्यार्थ्यांच्या मनावर तीन गोष्टी ठसाव्यात. पहिली, धूर म्हणजे न जळलेले जळण होय; तो जितका अधिक, तितके सरपण वाया गेले. दुसरी, हा धूर शरीरात जातो आणि अपाय करतो. परंतु तो कमी करता येतो. तिसरी, घरात धूर होतो यात आईचा काही अपराध नाही. ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

शिक्षकांसाठी पूर्वज्ञान

लाकूड तापले की प्रथम त्यातील पाणी वाफ होऊन जाते. त्यानंतर लाकडातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. त्यांना पुरेशी हवा व पुरेशी उष्णता मिळाली, तर ते जळून त्यांचा जाळ होतो. हवा अपुरी पडली किंवा ओल्या लाकडामुळे विस्तव थंडावला, तर तेच वायू व कार्बनचे कण अर्धवट जळलेल्या अवस्थेत वर निघतात. हाच धूर. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. अशा लाकडाची बरीचशी उष्णता पाणी उडवण्यातच खर्ची पडते. साध्या तीन दगडांच्या चुलीत जळणाच्या उष्णतेचा साधारणपणे दहावा हिस्साच भांड्याला लागतो. बाकीची उष्णता आजूबाजूला निघून जाते.

धुरात अनेक पदार्थ असतात. त्यांतील दोन शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावेत. पहिला पदार्थ म्हणजे अतिसूक्ष्म कण. २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना 'पी.एम. २.५' असे म्हणतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रोमीटर जाड धरला, तर हे कण त्याच्या जवळजवळ तिसाव्या हिश्श्याएवढे ठरतात. नाकातील केस व घशातील ओलावा मोठी धूळ अडवतात; हे कण मात्र फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दुसरा पदार्थ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. हा वायू दिसत नाही व त्याला वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे दोनशे पट अधिक दृढपणे चिकटतो. थंडीत बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या येतात, त्यांचे कारण हेच. शेगडीतून धूर येत नाही म्हणून ती निर्धोक आहे, ही समजूत प्राणघातक आहे.

चुलीजवळची हवा किती दूषित असते, याचे मोजमाप अमेरिकन संशोधक कर्क स्मिथ व त्यांचे भारतीय सहकारी यांनी गुजरातमधील चार खेड्यांत केले. १९८३ साली ते प्रसिद्ध झाले. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच हवा ओढून घेणारी उपकरणे बसवून त्यांच्या प्रत्यक्ष श्वासाजवळची हवा तपासण्यात आली. स्वयंपाकाच्या वेळेत त्या हवेत दर घनमीटरला सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम कण आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पी.एम. २.५ साठी सुचवलेली चोवीस तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. भारताचे बाहेरच्या हवेसाठीचे २००९ चे प्रमाण ६० मायक्रोग्रॅम आहे. ही तुलना तंतोतंत नाही. कारण गुजरातचे माप सर्व आकारांच्या कणांचे व फक्त स्वयंपाकाच्या वेळेचे होते. तथापि फरक इतका मोठा आहे की, त्याचा अर्थ लावण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

या धुराचे परिणाम डोळे चुरचुरण्यापुरते मर्यादित नाहीत. लहान मुलांतील न्यूमोनिया, प्रौढांतील दीर्घकालीन दम्यासारखा श्वसनविकार, मोतीबिंदू, हृदयविकार, फुप्फुसाचा कर्करोग आणि जन्मतः बाळाचे वजन कमी असणे यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरगुती धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील २,३७,००० हून अधिक मुले होती. बिडी कधी ओठाला न लावलेल्या आजीला धाप का लागते, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा तिच्या चाळीस वर्षांच्या चुलीत सापडते.

वर्गात करावयाचे प्रयोग

आगीचे सर्व प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावेत. मुलांना हातभर अंतरावर बसवावे व पाण्याची बादली जवळ ठेवावी.

प्रयोग १ : एक मेणबत्ती दोन मिनिटे जळू द्यावी. मग ती हलकेच फुंकून विझवावी. वातीतून पांढरट धुराची रेघ वर जाईल. त्या रेघेला, वातीपासून बोटभर वर, जळती काडी लावावी. ज्योत धुरावरून खाली धावते व मेणबत्ती पुन्हा पेटते. मुलांना विचारावे, "काडी वातीला लागली नाही, मग वात पेटली कशी?" उत्तर मुलांकडूनच यावे : धूर स्वतःच पेटला. म्हणजे त्यात जळण शिल्लक होते. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ साली मेणबत्तीविषयी मुलांपुढे जी व्याख्याने दिली, त्यांतही हा प्रयोग करून दाखवला होता. एवढ्या एका प्रयोगाने पाठाचा निम्मा भाग उरकतो.

प्रयोग २ : सारख्या जाडीच्या दोन काटक्या घ्याव्यात, एक वाळलेली, दुसरी त्याच दिवशी तोडलेली. अंगणात दोन्ही पेटवून कोणती आधी पेटते, कोणतीतून अधिक धूर येतो, ते मुलांनी वहीत नोंदवावे.

प्रयोग ३ : वर्गाची दारे-खिडक्या बंद करून एका कोपऱ्यात उदबत्ती लावावी. खिडकीच्या फटीतून कवडसा येत असल्यास त्यात धूर तरंगताना स्पष्ट दिसतो. मग उदबत्ती विझवून प्रथम एकच खिडकी उघडावी व वास नाहीसा होण्यास लागलेला वेळ घड्याळावर मोजावा. दुसऱ्या खेपेस समोरासमोरची दार व खिडकी उघडून तोच वेळ मोजावा. हवेला आत येण्यास एक वाट व बाहेर जाण्यास दुसरी वाट लागते, हे तत्त्व मुलांना आपोआप समजेल.

प्रयोग ४ : पांढऱ्या कागदाच्या दोन पट्ट्यांना खोबरेल तेलाचा हात लावावा. एक पट्टी स्वयंपाकघरात चुलीपासून दूर, दुसरी ओसरीवर टांगावी. सात दिवसांनी दोन्ही वर्गात आणून शेजारी ठेवाव्यात. मात्र कागदावर दिसते ती मोठी काजळी होय. खरा अपाय करणारे कण डोळ्यांना दिसत नाहीत, हे सांगण्यास विसरू नये. पट्ट्यांवर मुलांची नावे न लिहिता फक्त 'आतील' व 'बाहेरील' असे लिहावे.

घरी काय करता येईल

उपाय सांगताना बिनखर्चाचे उपाय आधी व खर्चाचे नंतर, असा क्रम ठेवावा. पैशाअभावी करता न येणारा उपाय प्रथमच सांगितला, तर ऐकणारा बाकीचे ऐकतच नाही.

१. जळण पावसाळ्यापूर्वी आडोशाला रचून वाळवावे व ते बारीक फोडून वापरावे. पऱ्हाट्या, तुराट्या व गोवऱ्या ओलसर असताना चुलीत घालू नयेत.
२. चुलीतील राख रोज काढावी. लाकडाखालून हवा जाण्यास जागा राहील अशा बेताने थोडेथोडे जळण सारावे. चूल तोंडापर्यंत भरली की जाळ गुदमरतो व धूर वाढतो.
३. विस्तव पेटवण्यासाठी प्लास्टिकच्या पिशव्या, रबर किंवा रंगवलेले लाकूड कधीही वापरू नये. त्यांच्या धुरात लाकडाच्या धुराहून अधिक विषारी द्रव्ये असतात.
४. डाळ व कडधान्ये आधी भिजत घालावीत, भांड्यावर झाकण ठेवावे. स्वयंपाक अर्धा तास लवकर झाला, तर अर्ध्या तासाचा धूर वाचतो.
५. तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन चुलीपुढे बसण्याऐवजी घरातील दुसऱ्या कोणी त्याला ओसरीवर घ्यावे. मुलांचा अभ्यास चुलीच्या उजेडात होऊ नये. उघडीप असेल तेव्हा चूल अंगणात मांडावी.
६. गरम धूर वर जातो. म्हणून छपराजवळ झरोका किंवा दोन कौलांमध्ये उघडी जागा ठेवावी व समोरच्या बाजूस खालून हवा येऊ द्यावी.
७. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी व धुरी देण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. नवजात बालकाचा श्वास मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक वेगाने चालतो. बंद खोलीतील धुरी त्याच्यासाठी औषध ठरत नाही. ऊब द्यायची ती पांघरुणाने व आईच्या अंगाशी धरून द्यावी.
८. डासांसाठी लावण्याची अगरबत्ती बंद खोलीत रात्रभर जळत ठेवू नये. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा एका वेटोळ्याच्या जळण्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे आढळले. मच्छरदाणी हा बिनधुराचा उपाय आहे.

सुधारित चूल आणि गॅस

धूर घराबाहेर काढण्याचे प्रयत्न आजचे नाहीत. वर्ध्याच्या मगनवाडीतील ग्रामोद्योगाच्या कार्यातून मातीची, धुराडे असलेली 'मगनचूल' पुढे आली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ साली धूररहित स्वयंपाकघराविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू होऊन २००२ साली संपला. त्यात तीन कोटींहून अधिक चुली बसवण्यात आल्या. तथापि त्यांतील पुष्कळ काही वर्षांतच निकामी झाल्या. कोठे धुराड्यात काजळी साठली व ते कोणी साफ केले नाही. कोठे चुलीचे तोंड घरच्या भांड्याला बसेना. कोठे तडा गेलेली चूल लिंपण्यास माणूस मिळेना. वस्तू देणे सोपे असते. ती वापरात ठेवणे अवघड असते, हा धडा त्यातून मिळाला.

धुराड्याचा उपयोग होतो, परंतु त्याला मर्यादा आहेत. ग्वाटेमाला देशाच्या डोंगराळ भागात काही कुटुंबांना धुराड्याच्या चुली देऊन त्यांच्या तान्ह्या मुलांवर लक्ष ठेवण्यात आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बालकांना लागणारा धूर सरासरी निम्म्याने कमी झाला व तीव्र न्यूमोनियाचे प्रमाण घटले. मात्र एकंदर न्यूमोनियात निश्चित म्हणता येईल अशी घट दिसली नाही. निम्मा धूरही बालकाला पुष्कळ होतो, असाच याचा अर्थ.

म्हणून खरा उपाय स्वच्छ इंधनाचा : स्वयंपाकाचा गॅस, गोबरगॅस किंवा विजेची शेगडी. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली, आणि त्या योजनेतील आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे देण्यात आली. जोडणी घरोघर पोहोचली, तरी पुष्कळ घरांत सिलिंडर कोपऱ्यात व चूल मध्यभागी असेच चित्र राहिले. सिलिंडर पुन्हा भरून आणण्यास रोख पैसे लागतात. काटक्या मात्र श्रमाने मिळतात, आणि ते श्रम बहुधा स्त्रीचे असल्याने घराच्या हिशेबात धरले जात नाहीत. पाचवीच्या मुलांकडून हा हिशेब मांडून घ्यावा : सरपण गोळा करण्यास आठवड्यात किती तास लागतात? ते तास मजुरीच्या दराने मोजले तर किती रुपये होतात? गणिताच्या तासाला करता येण्याजोगे हे खरेखुरे उदाहरण आहे. ज्या घरी दोन्ही आहेत, तेथे निदान सकाळचा चहा, दूध व बाळाचे पाणी तरी गॅसवर तापवावे. गॅस वापरतानाही खिडकी उघडी ठेवावी.

शिक्षकांनी पाळावयाची सावधगिरी

"कोणाच्या घरी अजून चूल आहे? हात वर करा," असा प्रश्न वर्गात कधीही विचारू नये. ज्या मुलाचा हात वर जातो, त्याची मान त्याच क्षणी खाली जाते. चूल असणे हे अज्ञानाचे लक्षण नव्हे. ती परिस्थितीची गोष्ट आहे. शिवाय मूल शाळेत ऐकलेले वाक्य जसेच्या तसे घरी नेते. "गुरुजी म्हणाले, आपलं घर घाण आहे," असे वाक्य पहाटेपासून धुरात राबलेल्या आईच्या कानी पडले, तर पाठ फसला असे समजावे. तेच मूल घरी जाऊन, "आई, धूर म्हणजे न जळलेलं सरपण. मी काटक्या वाळत घालतो," असे म्हणाले, तर पाठ साधला. धुराविषयी आईला जे ठाऊक आहे, ते तिच्या डोळ्यांनी व खोकल्याने तिला शिकवलेले आहे. शाळेने त्यात फक्त कारण व उपाय यांची भर घालावयाची आहे.

सरपण आणणे, वाळवणे, राख काढणे ही कामे मुलींचीच, असा ग्रहही या निमित्ताने मोडावा. कृतिपाठातील कामे मुलगे व मुली यांच्यात सारखी वाटून द्यावीत.

शाळेची स्वतःची हवा

दुसऱ्याच्या घरातील धुराविषयी बोलणाऱ्या शाळेने आधी आपले अंगण पाहावे. शालेय पोषण आहार शिजवण्याची जागा वर्गाला लागून आहे काय? वारा वर्गाकडे वाहतो काय? खिचडी शिजवणाऱ्या बाईंना हवेशीर जागा आहे काय? शक्य तेथे गॅसची व्यवस्था व्हावी. ती होईपर्यंत जळण कोरडे असावे. पालापाचोळा जाळण्याऐवजी खड्ड्यात टाकून त्याचे खत करावे. वर्ग झाडताना आधी पाणी शिंपडावे व फळा ओलसर फडक्याने पुसावा.

एखाद्या मुलाचे धाकटे भावंड खोकल्याने आजारी असल्याचे कळल्यास शिक्षकांना पुढील खूण माहीत असावी. मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता आशाताईंना कळवून बालकाला तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

स्वाध्याय

१. ओल्या काटकीतून अधिक धूर का येतो? प्रयोगातील नोंदीच्या आधारे पाच ओळी लिहा.
२. आपल्या घराचा नकाशा काढा. हवा कोठून आत येते व कोठून बाहेर जाते, ते बाणांनी दाखवा. जेथे बाण काढता येत नाही, तेथे काय करता येईल?
३. आजी किंवा आई यांना विचारून लिहा : त्यांच्या लहानपणी चूल कशी होती? धूर कमी करण्यासाठी त्या कोणती युक्ती करत?
४. आठवडाभर घरातील जळण वाळवणे व राख काढणे हे काम स्वतः करा आणि काय फरक दिसला, ते वर्गात सांगा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी लक्षपूर्वक वाचावीत. चुलीचे तोंड वाऱ्याच्या कोणत्या दिशेला ठेवावे, कोणते लाकूड कमी धुरते, याचे ज्ञान गावातील स्त्रियांजवळ मुबलक असते. ती उत्तरे वर्गात मोठ्याने वाचून दाखवली, तर आपल्या आईला पुष्कळ काही ठाऊक आहे हे मुलांना कळेल, आणि शाळेत आपला मान राखला जातो हे आईला कळेल.